बॅकयार्डमधलं हे सदाहरित झाड नक्की कोणतं? पाइन, स्प्रूस, फर की यू?

केवडा_पीए:

नमस्कार मंडळी, झाडांमधलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा प्लीज. आम्ही मागच्या वर्षी चेस्टर काउंटीत घर घेतलं, फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला, आणि बॅकयार्डमध्ये मागच्या कुंपणाला लागून एक मोठं झाड आहे जे बारा महिने हिरवंगार असतं. मेपल आणि ओक सगळे नोव्हेंबरात उघडे पडले तरी हे आपलं तसंच, त्यामुळे हिवाळाभर किचनच्या खिडकीतून तेवढं एकच हिरवं दिसायचं आणि सासूबाई आल्या होत्या तर त्या रोज सकाळचा चहा त्याच खिडकीशी घ्यायच्या. घरातल्या सगळ्यांचाच जीव जडलाय त्याच्यावर. उंची पस्तीस-चाळीस फूट असेल, दुमजली घराच्या छपराच्या वर जातं.

आता प्रॉब्लेम असा की हे काय आहे ते कोणी ठाम सांगत नाही. शेजारचे आजोबा म्हणतात पाइन. फोनमधल्या अ‍ॅपला एक फोटो दाखवला की स्प्रूस म्हणतं, दुसरा दाखवला की फर आणि एकदा तर यू म्हणालं. यू विषारी असतं असं वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण मुलगी चार वर्षांची आहे आणि दिवसभर त्याच झाडाखाली काड्या-शंकू गोळा करत बसते. त्यात गेल्या आठवड्यात लॉनचं काम करणारा माणूस आला होता तो म्हणाला झाड आजारी आहे, खालच्या फांद्या विरळ झाल्यात, वर्षभरात कापावंच लागेल, आणि लगेच कापायचं कोटेशन पण देऊन गेला. झाडाचं नाव विचारलं तर म्हणे एव्हरग्रीन. ते तर मलाही दिसतंय!

पानं छोटी आहेत, टोचत नाहीत. शंकू पण बारीक बारीक. शेंडा एका बाजूला झुकल्यासारखा वाटतो. फोटो टाकलाय पण लांबून काढलाय, बर्फ होता म्हणून जवळ जाता आलं नाही. अजून काय बघू ते सांगा, कापायचा निर्णय घ्यायच्या आधी निदान ते कोण आहे हे तरी कळायला हवं ना.

सोनसळी:

केवडा, आधी एक सांगते, कोटेशनवर सही अजिबात करू नका. झाडाचं नाव ज्याला माहीत नाही त्याला त्याचा आजार कसा कळणार, कारण या झाडांत प्रत्येकाचा आजार वेगळा आणि उपाय पण वेगळा.

लांबून काढलेल्या फोटोवरून सूचिपर्णी झाड ओळखणं अवघड असतं आणि अ‍ॅपचं पण तेच होतं, त्याला फक्त हिरवा त्रिकोण दिसतो. एक डहाळी हातात घ्या, वीतभर पुरे, आणि सुया फांदीला कशा चिकटल्यात ते बघा. सगळं गणित तिथेच आहे.

सुया दोन, तीन किंवा पाच अशा जुडग्यात येत असतील, म्हणजे एकाच जागेतून एकत्र फुटलेल्या, तर ते पाइन. तुमच्या भागात बहुतेक वेळा व्हाइट पाइन असतो, त्याच्या जुडग्यात पाच सुया, लांब आणि मऊ. ऑस्ट्रियन किंवा स्कॉट्स पाइन असेल तर दोन. जुडगी नसतील, एकेक सुई सुटी असेल, तर पाइन बाद, शेजारच्या आजोबांना काही का वाटेना.

सुटी असेल तर एक सुई तोडून अंगठा आणि तर्जनीमध्ये फिरवा. चौकोनी असेल तर सहज फिरते, तो स्प्रूस. स्प्रूसच्या सुया कडक असतात, ब्लू स्प्रूसच्या तर चांगल्या टोचतात, आणि जुन्या सुया गळून गेल्या की फांदी खरखरीत राहते कारण प्रत्येक सुईचा लाकडी खुंट मागे उरतो. नॉर्वे स्प्रूसचा शंकू तर चार-सहा इंच लांब असतो, तो लपतच नाही. पण तुमचं झाड टोचत नाही आणि शंकू बारीक आहेत म्हणताय, त्यामुळे स्प्रूस वाटत नाही मला.

चपटी असेल आणि बोटात फिरत नसेल तर चार शक्यता उरतात. फर, डग्लस फर, यू आणि हेमलॉक. फरची सुई ओढून काढली की फांदीवर गोल गुळगुळीत खूण राहते, आणि फरचे शंकू फांदीवर उभे असतात आणि झाडावरच खवला खवला होऊन विखुरतात, त्यामुळे फरखाली अख्खा शंकू सहसा सापडतच नाही. डग्लस फरचा शंकू एकदा बघितला की विसरत नाही, खवल्यांच्या मधून तीन टोकांच्या जिभा बाहेर आलेल्या असतात. यूला शंकू नसतात. तुमच्याकडे झाडाखाली शंकू पडतात म्हणजे माझा अंदाज कुठे चाललाय ते लक्षात आलं असेल, पण डहाळी बघितल्याशिवाय नाव घेत नाही.

तर एवढं करा: सुईची मागची बाजू बघा, तिच्यावर पांढऱ्या रेषा आहेत का. सुईला बारीक देठ आहे का. शंकू किती मोठा, फांदीवर लटकतो का उभा असतो. आणि फोटो जवळून काढा, मागे पांढरा कागद धरा.

अंगणवेल:

मी न्यू जर्सीत आहे. यूबद्दल विचारलंय म्हणून लिहिते, कारण मुलं लहान असताना हे माहीत असायलाच हवं. यू बहुतेक वेळा घराच्या पुढे, खिडक्यांखाली कापून-छाटून गोल किंवा चौकोनी केलेलं झुडूप म्हणून लावलेलं असतं, जुन्या घरांत तर असतंच असतं. त्याला लाल, मऊ, मधोमध भोक असलेली फळं येतात आणि आत एक बी दिसतं. तो लाल गर सोडला तर जवळजवळ सगळं झाड विषारी, पानं आणि बी तर फारच, आणि माणसांइतकंच कुत्र्यांना, घोड्यांना, गाईगुरांना पण. सुईची मागची बाजू फिकट पिवळसर हिरवी असते, पांढऱ्या रेषा नसतात, आणि कोवळी डहाळी पण हिरवीच. पस्तीस फुटी झाड आणि खाली शंकू म्हणजे ते तुमचं मोठं झाड यू नाही असं मलाही वाटतं. पण घराच्या पुढच्या बाजूला काय लावलंय ते एकदा बघून घ्या, लेकीने लाल फळ तोंडात घातलं तर पॉयझन कंट्रोलला, म्हणजे विषबाधेच्या हेल्पलाइनला, लगेच फोन करायचा, वाट बघायची नाही.

केवडा_पीए:

सोनसळी, खूप खूप धन्यवाद, एवढं कोणीच सांगितलं नव्हतं. आज बर्फ वितळला म्हणून डहाळी तोडून आणली आणि टेबलावर पसरून बसलो सगळे. लिहिते काय काय दिसलं ते.

जुडगी नाहीत, सुई सुटी. चपटी, बोटात फिरत नाही. लांबी अर्धा इंचाच्या आसपास, टोक बोथट गोल. मागच्या बाजूला दोन पांढऱ्या रेषा अगदी स्पष्ट! सुईला बारीकसं देठ आहे, त्या देठाने ती फांदीला चिकटते. फांदीच्या दोन्ही बाजूंना सुया पसरल्यात पण वरच्या अंगाला मधोमध काही इवल्याशा सुया उलट्या पडलेल्या आहेत, त्यांची पांढरी बाजू वर. शंकू पाऊण इंचाचा असेल, फांदीच्या टोकाला लटकलेला. आणि शेंडा म्हटलं तसा, वाऱ्याने वाकल्यासारखा कलता, पण वारा नसतानाही तसाच.

पुढच्या बाजूच्या झुडपाला पांढऱ्या रेषा नाहीत, तेव्हा ते यू असणार अंगणवेल. लाल फळं आली की तोडून टाकू, आणि पुढच्या वर्षी काढूनच टाकायचं ठरवलंय.

सोनसळी:

हेमलॉक आहे! ईस्टर्न हेमलॉक, शास्त्रीय नाव सुगा कॅनाडेन्सिस. त्या मधल्या उलट्या पडलेल्या सुया लिहिल्यात तिथेच शंभर टक्के खात्री झाली, ती याची खास खूण. कॅरोलायना हेमलॉक नावाचा एक भाऊ आहे पण त्याच्या सुया फांदीच्या चोहोबाजूंनी फुटतात, अशा दोन बाजूंना चपट्या पसरत नाहीत. आणि तो झुकलेला शेंडा तब्येत बिघडल्यामुळे नाहीये, हेमलॉकचा शेंडा निरोगी असतानाही तसाच झुकलेला असतो.

आणि तुम्ही राहता कुठे तर पेनसिल्व्हेनियात, जिथे 1931 पासून हा राज्यवृक्ष आहे. तुमच्या बॅकयार्डमध्ये तुमच्या राज्याचं झाड उभं आहे हो. सावलीत वाढणारं, सावकाश वाढणारं आणि फार जगणारं, जंगलात पाचशे वर्षांच्या वरची झाडं आहेत. एकोणिसाव्या शतकात याच्या सालीतल्या टॅनिनवर चामडं कमवायचे कारखाने चालायचे, पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कच्या कॅट्सकिल भागात डोंगरच्या डोंगर सोलून काढले, साल नेली आणि लाकूड पुष्कळ ठिकाणी तिथेच कुजायला टाकलं. हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. जुनं जंगल कसं दिसायचं ते बघायचं असेल तर उन्हाळ्यात कुक फॉरेस्ट स्टेट पार्कला जा, किंवा धबधबे पण बघायचे असतील तर रिकेट्स ग्लेन. दोन्ही ठिकाणी म्हातारे हेमलॉक अजून उभे आहेत.

केवडा_पीए:

अय्या, किती छान! सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्या पण खूश. पण गूगल केलं तर हेमलॉक म्हणजे सॉक्रेटिसला दिलेलं विष असं येतंय?? मुलीला आत्ताच्या आत्ता झाडाखालून उचलून आणलं मी.

देवराई:

तिला खुशाल परत खेळायला सोडा. सॉक्रेटिसला दिलं ते गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं, पांढऱ्या फुलांचं, कमरेएवढं-डोक्याएवढं वाढणारं रोप, कोनियम. तुमचं झाड त्याचं कोणी लागत नाही. सुगा विषारी नाही, पूर्वी अमेरिकेतले मूळ रहिवासी याच्या कोवळ्या शेंड्यांचा चहा करून प्यायचे.

मी पुण्यात असतो, वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ही झाडं आपल्याला ओळखू येत नाहीत यात नवल नाही हो, आपल्या सह्याद्रीत महाराष्ट्राच्या हद्दीत मूळचं सूचिपर्णी झाड एकही नाही. सगळ्या दक्षिण भारतात मिळून मूळचं एकच, नागेया, ते पण पार खाली केरळ-तमिळनाडूच्या घाटात आणि त्याची पानं रुंद, सुईसारखी नाहीतच. त्यामुळे आपण लहानपणापासून बघतो ते सगळं लावलेलं. बंगल्यांच्या पुढे मजले मजले करून वाढणारं ख्रिसमस ट्री म्हणून असतं ते अराउकारिया, दक्षिण गोलार्धातलं. कोकणच्या किनाऱ्यावर रांगेने लावलेलं सुरू लांबून अगदी पाइन वाटतं, खाली बारीक शंकूसारखी फळं पण पडतात, पण ते सूचिपर्णी नाहीच, फुलं येणारं झाड आहे. त्याची सुई म्हणजे खरं तर हिरवी डहाळी, ओढली तर पेरापेरांवर तुटते आणि प्रत्येक पेरावर इवली पानं खवल्यांसारखी दिसतात. विद्यार्थ्यांना मी ती पेरं मोडायला लावायचो, एकदा हाताने मोडलं की आयुष्यभर लक्षात राहतं.

हिमालयात गेलेल्यांना देवदार ठाऊक असतो, मनालीला हिडिंबा मंदिराभोवती उभे आहेत ते. त्याच्या सुया आखूड खुंटावर झुपक्याने येतात, वीस-तीस एकत्र, आणि शंकू पिंपासारखा, फांदीवर उभा. आणि केवडा, तुमच्या झाडाचा सख्खा भाऊ आपल्या देशात पण आहे. सुगा ड्युमोसा, उत्तराखंडपासून पूर्वेला नेपाळ, सिक्कीम, अरुणाचलपर्यंत. सिक्कीमला ट्रेक करताना बघाल तर डहाळी उलटून बघा, त्याच पांढऱ्या रेषा दिसतील, उलट तिथे जास्त ठळक.

केवडा_पीए:

देवराई सर, जीव भांड्यात पडला. मुलगी परत झाडाखाली.

आता अजून एक. डहाळी टेबलावर होती तेव्हा नवऱ्याच्या लक्षात आलं की सुयांच्या मुळाशी, फांदीच्या खालच्या अंगाला, पांढरं पांढरं कापसासारखं आहे, बारीक ठिपक्याएवढं, ओळीने. आधी मला बर्फ वाटला होता. माझ्या आईच्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण यायचा तसं दिसतंय. मग बाहेर जाऊन बघितलं तर खालच्या बऱ्याच फांद्यांवर आहे. लॉनवाल्याने हेच बघितलं असेल का? वर शेंड्याकडे झाड हिरवंगार दिसतंय, खालच्या आणि मागच्या बाजूच्या फांद्या मात्र विरळ आणि राखाडी-हिरव्या.

सोनसळी:

हं. याचीच भीती वाटत होती. खालच्या फांद्या विरळ म्हणालात तेव्हाच शंका आली होती पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय घाबरवायचं नव्हतं.

ही वूली अडेल्जिड, हेमलॉकवरची सगळ्यात वाईट कीड. मूळ जपानमधली, अमेरिकेच्या पूर्व भागात पहिल्यांदा 1951 मध्ये व्हर्जिनियात रिचमंडजवळ नोंद झाली आणि तिथून जॉर्जियापासून न्यू इंग्लंडपर्यंत सगळीकडे पसरली. कीड स्वतः मिलिमीटरभर पण नसते, दिसतो तो तिने अंगाभोवती विणलेला मेणाचा कापूस. सुईच्या मुळाशी सोंड खुपसून झाडाने साठवलेलं अन्न शोषते. आणि इकडे सगळ्या माद्याच, नर लागतच नाही, एकटी कीड पुरते नवा पसारा मांडायला, वर्षाला दोन पिढ्या. ती उन्हाळ्यात झोपते आणि हिवाळ्यात खाते, म्हणून कापूस नोव्हेंबरपासून पुढे जूनपर्यंत नीट दिसतो आणि लोकांना ऑगस्टमध्ये काहीच सापडत नाही, तोवर झाड आतून सुकत चाललेलं असतं. काहीच केलं नाही तर झाड साधारण चार ते दहा वर्षांत मरतं.

पण केवडा, ऐका, हे झाड वाचतं! झाडाचा निम्म्याहून जास्त डोलारा हिरवा असेल तर उपचाराला चांगला प्रतिसाद मिळतो, आणि तुमचं वरचं सगळं हिरवं आहे म्हणताय. माझ्याकडे मॅसॅच्युसेट्सला दोन हेमलॉक आहेत, दोघांनाही ही कीड होती, औषध केल्यावर नवी फूट यायला लागली आणि आता कुंपणापलीकडचं घर दिसत नाही इतके दाट आहेत. कापायचं कोटेशन फाडून टाका.

पावसाळी_सिअ‍ॅटल:

मधेच लिहितोय, पण हे इंटरेस्टिंग आहे. आमच्या वॉशिंग्टन राज्याचा राज्यवृक्ष पण हेमलॉकच, वेस्टर्न हेमलॉक. आमच्या मागच्या रानात डग्लस फर, रेड सीडर आणि हेमलॉक असे तिघं मिसळून असतात, आणि झुकलेल्या शेंड्यावरून हेमलॉक मी गाडीतून पण ओळखतो. हा पांढरा कापूस इकडच्या झाडांवर पण दिसतो, मी बघितलाय, पण झाडं मरत नाहीत. कारण इकडे ही कीड फार पूर्वीपासूनची आहे, तिचा वेगळा वंश, आणि तिला खाणारे किडे पण इथेच आहेत. त्यातला एक लॅरिकोबियस नावाचा छोटा काळा भुंगा इथून नेऊन पूर्वेच्या जंगलांत 2003 पासून सोडताहेत. हिवाळ्यात कीड जागी असते तेव्हा तो पण जागा असतो, म्हणून कामाचा. बॅकयार्डमधल्या एका झाडासाठी तो उपाय नाही, ते जंगलाचं काम, पण तुमच्याकडच्या डोंगरांतल्या हेमलॉकना वाचवायला माणसं झटताहेत हे ऐकून बरं वाटेल म्हणून सांगितलं.

केवडा_पीए:

खरंच बरं वाटलं वाचून. आता उपचार काय आणि आम्ही घरच्या घरी करू शकतो का ते सांगा. चाळीस फूट झाड आहे, मधमाश्यांची पण काळजी वाटते कारण कुंपणाशी मी यंदा झिनिया आणि बी बाम लावणार होते.

सोनसळी:

दोन रस्ते आहेत. पहिला हॉर्टिकल्चरल ऑइल, फवारायचं तेल. कीड गुदमरून मरते, विष मागे राहत नाही, पण जिथे तेल पोचलं नाही तिथली कीड जिवंत, त्यामुळे सगळं झाड वरून खालून चिंब भिजवायला लागतं. लहान झाड किंवा हेज असेल तर घरी जमतं, चाळीस फुटांना नाही जमणार, त्याला मोठा पंप असलेला माणूस लागेल. तापमान गोठणबिंदूच्या चांगलं वर पाहिजे आणि रात्री पण गोठायला नको. मे-जूनमध्ये कोवळी फूट आली की नको. जवळ ब्लू स्प्रूस असेल तर त्याच्यावर उडू देऊ नका, तेलाने त्याचा निळेपणा जातो, सुयांवरचं मेण धुतलं जातं.

दुसरा रस्ता औषध मुळांतून किंवा खोडातून देणं. इमिडाक्लोप्रिड मातीत ओतलं की झाड ते वर ओढतं, मोठ्या झाडात सगळीकडे पोचायला काही महिने ते वर्ष लागतं पण परिणाम काही वर्षं टिकतो. डायनोटेफ्युरान दोन-तीन आठवड्यांत चालू होतं, टिकतं मात्र एखाद-दोन वर्षं. झाड बरंच खंगलेलं असेल तर पुष्कळ जण दोन्ही एकत्र देतात, एक लगेच आणि दुसरं पुढच्यासाठी. मात्रा खोडाच्या जाडीवर ठरते, जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजायची.

मधमाश्यांचं बरोबर विचारलंत. हेमलॉकचं परागीभवन वाऱ्याने होतं, मधमाश्या त्याच्याकडे येत नाहीत, पण मातीत ओतलेलं औषध शेजारची फुलझाडं पण ओढून घेतात आणि ते त्यांच्या परागात-मधात उतरतं. म्हणून झिनिया आणि बी बाम त्या झाडाच्या आसपास अजिबात लावू नका, दुसरीकडे ऊन असेल तिथे हलवा, तसंही हेमलॉकच्या सावलीत झिनिया रुसतातच. ओढा किंवा विहीर जवळ असेल तर मातीत ओतूच नये, खोडातून इंजेक्शनने देता येतं. तुमच्या ठिकाणी मी असते तर मातीत न ओतता खोडातूनच द्या म्हणाले असते.

अंगणवेल:

यात एक भर घालते, नियम राज्याराज्यात वेगळे आहेत. आमच्या न्यू जर्सीत आणि न्यू यॉर्कमध्ये इमिडाक्लोप्रिड-डायनोटेफ्युरानच्या गटातल्या औषधांवर कडक निर्बंध आहेत, घरमालकाने दुकानातून आणून ओतलं असं चालत नाही. पेनसिल्व्हेनियाचं पेन स्टेट एक्स्टेन्शनच्या (विद्यापीठाची शेती-बागकाम सल्ला सेवा) काउंटी ऑफिसला विचारा, तिथे मास्टर गार्डनर्स म्हणजे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात, डहाळी झिपलॉकच्या पिशवीत नीट बंद करून नेली तर बघून सांगतात. आणि झाडाला बोलवायचा तो माणूस आयएसए (झाडांची निगा राखणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफाइड आर्बोरिस्ट, म्हणजे झाडांचा तज्ज्ञ, असला पाहिजे आणि फवारणीचं लायसन्स वेगळं असतं, ते पण विचारायचं. आमच्याकडे पहिला जो आला होता त्याने पण कापायचंच सुचवलं होतं, दुसऱ्याने आधी भिंग काढून सुया बघितल्या, आम्ही दुसऱ्याला काम दिलं.

बर्ड फीडर टांगलाय का झाडाला? असेल तर काढा. कीड पक्ष्यांच्या पायांना लागून झाडाझाडांवर जाते, एप्रिल ते जून तर नक्कीच. आणि खत नको!! झाड अशक्त दिसतंय म्हणून आपण प्रेमाने खत घालतो, पण नायट्रोजन मिळालं की झाडापेक्षा कीडच जास्त फोफावते. लॉनला खत टाकणाऱ्याला पण सांगा की या झाडाच्या घेराखाली टाकू नकोस.

केवडा_पीए:

अपडेट देते. एक्स्टेन्शनच्या ऑफिसात डहाळी नेली होती, त्यांनी पण ईस्टर्न हेमलॉक आणि वूली अडेल्जिडच सांगितलं. मग सर्टिफाइड आर्बोरिस्टला बोलावलं. त्याने दुर्बिणीने वरपर्यंत बघितलं, म्हणाला तीन चतुर्थांश झाड चांगलं आहे, कापायचं काहीच कारण नाही. या महिन्यात तेलाची फवारणी आणि नंतर माती ओली असताना खोडाच्या बुंध्याशी औषध असं ठरलंय, फुलझाडं मी घराच्या दक्षिणेला हलवतेय. बर्ड फीडर होता, काढला. खर्च कापायच्या कोटेशनच्या निम्म्याहून कमी आला.

एवढंच विचारायचं राहिलं, खालच्या विरळ फांद्या छाटून टाकू का? नवरा म्हणतो त्यामुळे कीड कमी होईल आणि मुलीला खाली बसायला जागा पण होईल.

सोनसळी:

खूप खूप आनंद झाला वाचून!

ज्या फांद्या पूर्ण वाळल्यात, वाकवल्यावर कटकन मोडतात, तेवढ्याच काढा. थोडी जरी हिरवी असेल ती राहू द्या. हेमलॉक सावलीतही खालच्या फांद्या जगवतो आणि कीड गेल्यावर त्याच फांद्यांवर परत फूट येते, पण जुन्या उघड्या लाकडातून नवी फांदी फुटत नाही, एकदा कापली की तिथे कायमची मोकळी जागा. छाटलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका, पिशवीत बंद करून द्या, आणि ते करताना घातलेले कपडे थेट धुवायला.

आणि पाणी द्या. याची मुळं उथळ असतात, जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा होज सावकाश सोडून ठेवा, खोडाशी नको, फांद्यांच्या घेराखाली सगळीकडे. वर दोन-तीन इंच मल्च (साल-पाचोळ्याचा थर), खोडाला न टेकवता. मे अखेरीला फांद्यांच्या टोकांना पोपटी फूट आली तर समजा औषध पोचतंय, आणि नोव्हेंबरात परत डहाळ्या उलटून बघा, कापूस नवा आहे का जुना ते. जुना कापूस मळकट, विरलेला दिसतो आणि बोटाने सहज झडतो. नवा दिसला तर इथेच लिहा, फोटो जवळून काढून.